शेजार: मराठवाड्यातील एका ख्रिस्ती मंडळीने घरगुती सहभागिता कशी उभी केली

पार्श्वभूमी

ही मंडळी, म्हणजे एका चर्चची कुटुंबे, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावची. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, माणसांची नावे आणि काही खुणा गाळल्या आहेत. बाकी जसे घडले तसे लिहिले आहे. मी त्या काळात पॅस्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीचा, सचिव होतो. घरगुती सहभागितेचे, म्हणजे जवळच्या कुटुंबांनी एका घरी जमून प्रार्थना करण्याचे, पुढे येणारे बरेच निर्णय माझ्या हातून झाले आणि त्यातले काही चुकले.

मंडळीच्या पुस्तकात १८० च्या आसपास कुटुंबे आहेत. निम्म्याहून अधिक कुटुंबे मागच्या दोन पिढ्यांत खेड्यांतून आलेली. १९व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि आमच्याकडच्या काही घरांत पणजोबांची गोष्ट तिथूनच सुरू होते. त्या काळी खेड्यातल्या ख्रिस्ती वस्तीत उपदेशक राहायचा. त्याच आडावर पाणी भरायचा, त्याच आळीत दळण आणायचा. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्याला सांगावे लागत नसे. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे एमआयडीसी आल्यावर माणसे शहराकडे सरकली. कोणी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालीला लागले, कोणी कंपनीत, कोणी दवाखान्यात, शाळेत. उपदेशकाची जागा मात्र शहरात कोणीच घेतली नाही. रविवारी दीड तास भेटायचे, दारात पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सलाम करायचा आणि आपापल्या कॉलनीत जायचे, एवढीच मंडळी उरली.

महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल सगळे होते. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, घरोघरी प्रार्थनासभाही व्हायच्या. पण त्या मोठ्या घरांतच व्हायच्या, आणि पुनरुत्थान दिनाबरोबर (ईस्टर) संपायच्या.

कशावरून कळले

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ७ ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. पहिल्या रविवारी बाके अर्धी रिकामी होती. आम्ही सगळे एकच धरून चाललो की लोक अजून भीत आहेत, येतील हळूहळू. या गृहीतकामुळे पुढचे दोन महिने जो आला नाही त्याच्याविषयी कुणी विचारलेच नाही.

डिसेंबरात दृढीकरणाच्या (मुलांनी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाची यादी वाचली. तेरा मुले होती. नववे नाव एका मुलीचे. पाळकसाहेबांनी दोनदा पुकारले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “ती उसाला गेली, साहेब.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. पत्र्याच्या खोलीला कुलूप होते. शेजारच्या मुस्लिम काकूंनी सगळे सांगितले. सप्टेंबरच्या शेवटी तिचे वडील मोंढ्यात ट्रक उतरवताना पोत्यासकट खाली आले आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशनला पैसे हवे होते. काकूंनी स्वतः दोन हजार दिले होते. बाकीसाठी त्या कुटुंबाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. उसाच्या फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा आडवा पडलेला, म्हणून आई आणि थोरला मुलगा यांचा कोयता लावला. दिवाळी झाल्या झाल्या सगळे बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढले. मुलगी आईच्या पाठोपाठ गेली, कारण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वडिलांकडे बघायला कोणीतरी हवे होते.

हे घर चर्चपासून चालत वीस मिनिटांवर आहे. त्या वर्षी आमच्या मदतनिधीत पैसे शिल्लक होते. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च निघाला नसता, पण मुलीचे वर्ष वाचवण्याइतके नक्की होते. मागणीच आली नाही म्हणून ते बँकेत पडून राहिले.

कोणते मार्ग होते

जानेवारीत कमिटी बसली. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्रातल्या निर्गम पुस्तकाचा १८वा अध्याय वाचला. एकटा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला पाहून सासरा इथ्रो त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमायला सांगतो. “आपल्याकडे दहांवरचा माणूस कोण?” असे त्यांनी विचारले. कुणी बोलले नाही.

पहिला मार्ग सोपा होता. नऊ कमिटी सदस्य, प्रत्येकाने वीस घरे वाटून घ्यायची आणि महिन्याला भेटी द्यायच्या. हा ठराव आमच्या जुन्या इतिवृत्तात तीनदा सापडला, आणि तिन्ही वेळा दोन महिन्यांत बारगळला होता. महिला मंडळ आणि तरुण संघच वाढवावा असा दुसरा विचार होता. पण त्यात पस्तिशी ते पंचावन्नमधले पुरुष कुठेच बसत नव्हते, आणि मोंढ्यातला तो भाऊ, म्हणजे त्या मुलीचे वडील, नेमका त्याच वयाचा. ज्याला ज्याच्याबरोबर बसायचे त्याच्याबरोबर बसू द्यावे, हा तिसरा. माणसे खुशीने आली असती. मात्र आमच्याकडे खुशीने बसणे म्हणजे पाहुण्यारावळ्यांत बसणे. पूर्वजांची जात मंडळीत कोणी काढत नाही, पण सोयरीक ठरवताना ती दारात उभी असते हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. लोकांवर सोडले असते तर ज्या घरांचा एकमेकांकडे जेवायला जाण्याचा प्रघात नाही ती घरे तशीच राहिली असती.

म्हणून चौथा मार्ग धरला. राहायला जवळ कोण, यावरच वाटणी करायची. एका घरातून दुसऱ्या घरी रात्री साडेनऊला बाईमाणसाला एकटीने चालत जाता आले पाहिजे, हे माप एका शिक्षिका बाईंनी सुचवले आणि तेच धरले. शहराचा नकाशा टेबलावर पसरून प्रत्येक घरासाठी तुरीचा एक दाणा ठेवला. चर्चच्या आसपास दाण्यांची रास झाली. बाह्यवळणापलीकडच्या वस्तीत अकरा दाणे पडले, आणि तिथे आमच्यापैकी कुणी कधी गेलेले नव्हते.

नावावरून थोडी चर्चा झाली. “गट” म्हणताच एक जुने सदस्य म्हणाले, “मंडळीत गट आधीच पुष्कळ आहेत, आणखी काढता कशाला?” त्यांचे खरे होते. मग “शेजार” असे नाव ठेवले.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

२०२२च्या उपवासकाळात नऊ शेजार सुरू केले आणि नऊही कमिटी सदस्यांना त्यांचे प्रमुख केले. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे झाली. जूनपर्यंत चार बंद पडले.

कमिटीवर जायला लागणारे गुण वेगळे असतात. आमचे सदस्य हिशेब बघतात, इमारत सांभाळतात, वाद मिटवतात. त्यांच्या हाती शेजार दिल्यावर त्यांनी तिथे छोटी रविवारची उपासनाच लावली. चाळीस मिनिटांचा संदेश, त्यावर लांब प्रार्थना, शेवटी सूचना. ऐकणारे गप्पच. शिवाय कमिटीत ज्यांचे पटत नाही त्यांचे भांडण शेजारात उतरले. निवडणुकीत दुसऱ्या बाजूला मत दिलेले कुटुंब आपल्या विरोधकाच्या बैठकीत कसे येणार?

खाण्याचेही झाले. पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी उपमा आणि शिरा, तिसऱ्या घरी समोसे. चौथ्या घराची पाळी आली तेव्हा “आमच्याकडे पाव्हणे हायेत” असा निरोप आला. पुढच्या आठवड्यातही पाव्हणे होतेच. पाचव्या आठवड्यात आम्ही नियम केला की फक्त चहा. तो पहिल्या आठवड्यातच हवा होता.

वेळाही आम्ही आमच्या सोयीने ठरवल्या होत्या. आमच्या शहरात नळाला आठवड्याने पाणी येते, आणि पाणी सुटते त्या संध्याकाळी घरातली बाई प्रार्थनेला कशी उठेल? बुधवारी पाणी येणाऱ्या भागात आम्ही बुधवारचीच सभा ठेवली होती. कंपनीतल्या माणसांची पाळी दर आठवड्याला बदलते. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री अकरानंतर घरी येतो, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा तो येणारच नाही. हे आधी लक्षात घेतले असते तर त्याला “अनियमित” म्हणून बोल लागला नसता.

प्रार्थनेची विनंती

हा भाग लिहिताना मला अजूनही जड जाते.

प्रत्येक शेजारातल्या प्रार्थना-विनंत्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकाव्यात, म्हणजे सगळी मंडळी प्रार्थना करील, अशी सूचना मी दिली होती. एका शेजारात एक बाई रडत बोलल्या की मुलगा पिऊ लागला आहे. प्रमुखांनी माझ्या सूचनेप्रमाणे त्याच रात्री लिहिले: “आपल्या एका भगिनीच्या मुलाला व्यसनातून सुटका मिळावी.” नाव नव्हते. पण कोणत्या शेजाराची विनंती ते होते, आणि त्या शेजारात लग्नाच्या वयाचा मुलगा एकच होता. पंधरा दिवसांत मुलीकडच्यांनी ठरलेले लग्न मोडले.

मी माफी मागायला गेलो. त्यांनी पाणी दिले, बसवले. मग म्हणाल्या, “सर, मी देवापुढं बोलले होते. गावापुढं नाही.” पाच महिने त्या उपासनेला आल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मी ग्रुपवरच्या सगळ्या विनंत्या बंद केल्या. तेव्हापासून खोलीत बोललेले खोलीतच राहते. पाळकसाहेबांनाही सांगायचे असेल तर बोलणाऱ्याला आधी विचारायचे. पवित्र शास्त्रातल्या गलतीकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो. दुसऱ्याचे ओझे उचलताना ते चव्हाट्यावर ठेवायचे नसते एवढे मला तेव्हा कळायला हवे होते.

दुसरी मांडणी

जुलैत पुन्हा बसलो. बंद करावे असे तिघांचे मत होते. पाळकसाहेबांनी दोन दाखले दिले. १७४२मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळीचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या लोकांनी सभागृहाचे कर्ज फेडायला साधारण बारा-बारा जणांचे वर्ग केले. प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायला वर्गाचा प्रमुख घरोघर जाऊ लागला, आणि पैसे घ्यायला गेलेल्याला घरातली खरी परिस्थिती दिसू लागली. वेस्लीला कर्जफेडीपेक्षा तेच मोलाचे वाटले. दुसरा दाखला कोरियातला. १९६४मध्ये सोलचे पाळक चो योंग-गी कामाच्या ताणाने कोसळले, तेव्हा त्यांनी घरोघरच्या सभा मंडळीतल्या स्त्रियांच्या हाती दिल्या.

आम्ही कमिटी सदस्यांना प्रमुखपदावरून मोकळे केले. प्रत्येक शेजाराला दोन प्रमुख, त्यातली एक स्त्री. काहींना हे लागले. एका सदस्यांनी राजीनामा दिला आणि महिन्याने मागे घेतला. शेजार बारा झाले, कुठल्याच शेजारात पंधराहून जास्त मोठी माणसे नकोत असे ठरले. प्रमुखांना चार संध्याकाळी तयार केले. रविवारच्या संदेशाचाच उतारा घरी वाचायचा, तीन साधे प्रश्न विचारायचे, सव्वा तासात उठायचे. पहिला प्रश्न मात्र उताऱ्याचा नाही. बसल्याबरोबर प्रमुखाने विचारायचे: आज कोण आले नाही, आणि त्यांच्याकडे उद्या कोण जाणार? वहीत फक्त एवढेच लिहायचे.

बाह्यवळणापलीकडच्या वस्तीचे प्रमुखपण एका निवृत्त परिचारिकेने घेतले. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात. त्यांच्याबरोबर मी पहिल्या संध्याकाळी गेलो होतो. पत्र्याचे घर, दिवसभराचे ऊन अजून छतातून खाली येत होते. दोन चटया, एक बल्ब, कोपऱ्यात पाण्याचे ड्रम. एका आजींनी पिशवीतून पवित्र शास्त्र काढले. ते प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून वर सुतळी बांधली होती. त्यांना वाचता येत नाही. नातवाने वाचले, आजी ओठ हलवत राहिल्या, आणि एका जागी तो अडखळला तेव्हा पुढची ओळ आजींनीच म्हटली. कित्येक वर्षे त्या मागच्या बाकावर बसतात. त्यांना एवढे शास्त्र पाठ आहे हे मंडळीत कुणाला ठाऊक नव्हते. सिस्टरबाईंनी त्या दिवसापासून समारोपाची प्रार्थना आजींकडे दिली.

पैशाचा डबा

वेस्लीच्या पेनीवरून खजिनदारांनी डब्याची कल्पना काढली. प्रत्येक शेजाराचा एक डबा, ज्याला जमेल ते टाकायचे, आणि त्याच शेजारातल्या अडचणीला वापरायचे. मी विरोध केला होता, आणि माझा विरोध चुकीचा ठरला. एका घरात मुलाच्या परीक्षेची फी, दुसऱ्या घरात बाळंतपणाला रिक्षाचे भाडे, असे पैसे त्याच रात्री हातात पडले. कमिटीकडे अर्ज करून मिळायला महिना गेला असता.

एका शेजारात मात्र डब्याची भिशी झाली. सगळ्याजणी बचत गटात होत्याच, त्यांनी महिन्याला पाचशेचा ठराविक हप्ता बांधला आणि पाळीपाळीने उचल द्यायला लागल्या. हेतू चांगला होता. पण ज्या दोघींना पाचशे जमेनात त्या आधी पैसे द्यायच्या थांबल्या आणि मग यायच्याच थांबल्या. आम्हाला कळायला तीन महिने लागले, कारण वहीत “आले नाहीत” पुढे “घरी काम” असे लिहिलेले होते. भिशी वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरी करा, एवढे सांगून ती सोडवली. दोघींपैकी एकच परत आली.

आजूबाजूची माणसे

एका शेजारात घरमालकाने हरकत घेतली. दर गुरुवारी इतकी माणसे कशाला जमतात, भजने कसली, बाहेरचे लोक येऊन काही वेगळे चालले आहे का, असे गल्लीतल्या काही तरुणांनीही विचारले. आजच्या दिवसांत हा प्रश्न हलका घेता येत नाही, आणि ज्याचे घर त्याचीच काळजी आधी करावी लागते. तिथले बंद करून चर्चमध्ये बसणे, किंवा दार लावून हळू आवाजात चालवणे, असे दोन मार्ग पुढे आले. दार लावण्याला पाळकसाहेबांनी ठाम नकार दिला. दार उघडे ठेवायचे, येणारे सगळे मंडळीतलेच आहेत हे सरळ सांगायचे, ढोलकी-टाळ साडेआठला थांबवायचे असे ठरले. यजमान भाऊंनी घरमालकांना आणि त्या मुलांना चहाला बोलावले. मुले आली, दहा मिनिटे बसली, नंतर त्यांनी काही म्हटले नाही. घरमालकांनी मात्र करार संपल्यावर खोली रिकामी करायला सांगितली. त्या कुटुंबाला तीन महिने घर मिळाले नाही, आणि घर शोधायला शेजारातल्याच लोकांनी गाडीवर फिरवले.

कुठवर आले

दोन वर्षांनी बारापैकी नऊ शेजार नियमित भरतात. एक दुसऱ्यात मिसळला. दोन बंद पडले, दोन्ही सुस्थितीतल्या कॉलन्यांतले. तिथे प्रत्येकाला आपले आपण भागवता येते, आणि एकमेकांना काही मागायची सवय नाही. त्यांच्यासाठी काय करावे हे आम्हाला अजून सापडलेले नाही. रविवारची हजेरी फारशी वाढली नाही. कमिटीत काहीजण याच आकड्यावरून विचारतात की एवढा खटाटोप कशाला. माझ्या मते तो आकडा चुकीच्या ठिकाणी बघितला जातो. गेल्या वर्षभरात आजारपण, अपघात किंवा नोकरी सुटल्याची बातमी मंडळीला आठवड्याच्या आत कळली नाही असे एकही घर माझ्या माहितीत नाही.

आज वेगळे काय केले असते

प्रमुख नेमण्याआधी स्त्रियांना विचारले असते. कोणाच्या घरी कोणते दुखणे आहे, कोणता दिवस पाण्याचा, कोण कोणाकडे जात नाही, हे सगळे त्यांना माहीत होते आणि नकाशाभोवती बसलेल्या नऊजणांत त्या दोनच होत्या. खोलीतले बोलणे खोलीत राहील हा नियम पहिल्या बैठकीत, सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतला असता. लग्नसराईत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, सरळ सुट्टी दिली असती. ओढून चालवल्याने तेव्हा दोन प्रमुख दमून बाजूला झाले. आणि केवळ अंतराच्या मापाने एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यांच्या चाळीस वर्षांच्या मित्रकुटुंबापासून तोडले नसते. माप चांगले होते, पण ते वापरताना माणसांना विचारायला हवे होते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचे काय, हा प्रश्न सगळ्यात अवघड. सिस्टरबाईंच्या अकरा घरांपैकी चार घरे दिवाळीनंतर जातात. त्यांची नावे वहीतून काढायची नाहीत असे ठरवले. पहिल्या हंगामात रविवारी रात्री नऊला फोन लावायचो, आणि कोणी उचलायचे नाही. नऊला ती माणसे झोपलेली असतात, कारण पहाटे अंधारातच फडात उतरायचे असते, आणि गाडी आली तर रात्री कधीही भरायला उठायचे. आता ज्याला मोकळीक असेल तो आपणहून मिस्ड कॉल देतो आणि इकडून फोन जातो. जाण्याआधी मुकादमाचे नाव, कारखान्याचा तालुका, मुले कुठे राहणार, एवढे वहीत लिहून घेतात.

मोंढ्यातल्या त्या भावाला आता पोते उचलता येत नाही. पहिल्या वर्षाची उचल फिटली नाही, म्हणून २०२२च्या दिवाळीनंतर आई आणि मुलगा पुन्हा गेले. वडील इकडेच राहिले, आणि मुलगी सिस्टरबाईंच्या घरी. पुढच्या वर्षी दृढीकरणाच्या यादीत तिचे नाव पाचवे होते. आईला सुट्टी मिळाली नाही. विधी चालू असताना आजी पहिल्या बाकावर नातवाचा मोबाइल उंच धरून बसल्या होत्या, आणि पलीकडे उसाच्या फडात कुणीतरी ऐकत होते.